एका आळ्यात एकच रोप

माझे वडील रोपं उपटण्यात फार हुशार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. रोपं लावणारी हुशार माणसं आमच्या भावकीत ढिगानं होती. लावणं काय, कुणीही लावतं, उपटायला काळीज लागतं, असं अण्णाच म्हणायचे. शेवंतीच्या सरीत उकिडवे बसून ते पुढे सरकत, आणि शेजारी शेजारी उगवलेल्या दोन रोपांतलं कोणतं राहणार नि कोणतं जाणार हे त्यांच्या हाताला आधीच कळलेलं असायचं. उपटलेलं रोप ते बांधावर फेकत तेही मागे न बघता. 'एका आळ्यात एकच रोप' हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दोघांना ठेवलं तर दोघंही अर्धपोटी राहतात, हा त्याचा खुलासा. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा बाकावर दोन पोरी खुसुखुसू करताना दिसल्या की माझ्याही तोंडून हेच निघायचं, आणि पोरी बिचाऱ्या गोंधळून एकमेकींकडे बघत राहायच्या.

मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता. आता तिथे इमारती आहेत आणि एका इमारतीला चक्क 'पुष्पांगण' नाव दिलंय. फुलं हलवली आणि नाव ठेवलं. आमच्या घरात पहाट व्हायची ती कोंबड्यानं नव्हे, आईच्या बांगड्यांनी. फुलं उमलायच्या आत तोडायची, म्हणून सगळी मोठी माणसं अंधारातच मळ्यात असायची. मला जाग यायची तेव्हा ओसरीवर ओल्या गोणपाटाखाली फुलांचे ढीग असत आणि घरभर मोगऱ्याचा नाही तर गुलछडीचा असा दाट वास भरलेला असे की चहालाही तोच वास यायचा. लोकांना वाटतं फुलांच्या घरात राहणं म्हणजे केवढं सुख. मला लहानपणी एकदा तरी नुसत्या चहाच्या वासाचा चहा प्यायचा होता. अण्णा सायकलवर पाट्या बांधून फूलबाजारात जात आणि ऊन तापायच्या वेळेला परत येत, कधी चिवड्याचा पुडा घेऊन, कधी बाजारभावाला शिव्या देत. मग बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, कांदा. दुपारी विहिरीवरची मोटर बंद झाली की जी शांतता पडायची ती मला अजून कुठं मिळालेली नाही.

या घरात यमुआत्या आली. ती अण्णांची धाकटी बहीण, मनमाडला दिलेली. नवरा रेल्वेत, क्वार्टर मिळालेलं, नळाला पाणी. आमच्या भावकीत एवढं चांगलं स्थळ कुणाला मिळालं नव्हतं. चार दिवस माहेरपणाला म्हणून सासूनं पाठवलं, आणि निघताना सांगितलं, "आम्ही घ्यायला येतो, तू आपली येऊ नको." ती आली तेव्हा पेरूचे दिवस होते. पेरू संपले, द्राक्षं आली, द्राक्षं संपली, तरी घ्यायला कुणी आलं नाही. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, हे कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. आत्या आपली लोखंडी ट्रंक पलंगाखाली ठेवून होती. ट्रंकेतून लुगडं काढायची, नेसायची, धुवायची, घडी करून पुन्हा ट्रंकेतच ठेवायची. आईनं भिंतीतलं एक फडताळ तिच्यासाठी रिकामं करून दिलं होतं. "असू दे वहिनी, परत भरायला किती वेळ लागतो," असं म्हणून तिनं ते तसंच ठेवलं. शेवटी आईनं त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

बसून खायचा तिचा स्वभाव नव्हता. तिच्या हाताला वेण्या, गजरे झरझर उतरत. आठवड्यातून एकदा ती टोपली घेऊन बसनं देवळाली कॅम्पात जाई आणि लष्करातल्या लोकांच्या क्वार्टर्समधून गजरे विकी. कधी सुट्टी असली की मीही बरोबर जायची. कॅम्पचं स्टेशन जवळच. तिथून मनमाडकडे जाणारी पॅसेंजर सुटायची. गाडीची शिट्टी झाली की आत्या बोलता बोलता थांबे, आणि शिट्टी विरली की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करी. मग आम्ही रिकामी टोपली घेऊन नाशिकच्या बसमध्ये बसायचो.

त्या क्वार्टर्समध्ये एका हवालदाराची बायको राहायची. कुठल्याशा पहाडातली, जिथं थंडीत बर्फ पडतं तिथली. गोरीपान, बारीक डोळ्यांची, आणि हिंदी आमच्याहून वाईट. ती केसांत फुलं माळत नसे, तरी आत्याकडून दर वेळी गजरा घेई आणि पाण्याच्या वाटीत ठेवी. त्या दोघींचं काय जमलं होतं देव जाणे. एकमेकींचं निम्मंही कळत नसताना दारात बसून हसत असत. तिलाही मूल नव्हतं, एवढं मला नंतर आईकडून कळलं. तिच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा तिनं आत्याला कागदाच्या पुडीत काळ्या, खडबडीत बिया दिल्या. त्यांच्याकडच्या एका वेलीच्या. हातांनी दाखवत म्हणाली, "इतना फूल. इतना फल. फल बहुत अच्छा. पत्ता भी खाते." आत्यानं विचारलं, "मीठा?" बाईनं डोळे मिटून, मान हलवून, जिभेनं असा एक आवाज काढला की त्याचा अर्थ गोडही होईल आणि आंबटही. येताना बसमध्ये आत्यानं पुडी पदराच्या टोकाला बांधली होती आणि सबंध वाटेत तिचा हात त्या गाठीवर होता.

विहिरीजवळ मोटरच्या खोलीला लागून आत्यानं आळं केलं, शेणखत घातलं, बिया लावल्या. किती दिवस काहीच आलं नाही. फुलांच्या घरात न उगवलेल्या बियांची चेष्टा फार होते. अण्णा येता जाता म्हणत, "यमे, मिऱ्या पेरल्यास की काय?" आणि मग एका सकाळी आळ्यात दोन कोंब दिसले. एक जाड, तरतरीत. दुसरा जरा उशिराचा, वाकडा, डोक्यावर बीचं टरफल अजून टोपीसारखं धरून. आत्यानं सगळ्यांना हात धरधरून नेऊन दाखवलं. अण्णा वाकले, पाहिलं, आणि बोलता बोलता तो वाकडा कोंब दोन बोटांत धरून उपटून बांधावर टाकला.

"अरे दादा! राहू द्यायचा की."

"एका आळ्यात एकच रोप. आता बघ ही कशी दणक्यात वाढती."

आत्या तरी काय, माळ्याचीच लेक ती. अण्णांच्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं, हे ती पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाली. पण त्या दिवशी ती बांधावर जाऊन तो कोंब शोधत होती हे मी पाहिलं. तोवर उन्हानं तो सुकून गेला होता.

वेल खरंच दणक्यात वाढली. मोटरच्या खोलीवर चढली, पत्र्यावर पसरली, तिथून तारेवर आली. पानं तीन बोटांची, आणि लोंबणारे ताणे असे की एखाद्या पोराच्या हाती बोट लागावं तसे मिळेल त्याला गुंडाळून धरायचे. आणि मग थंडी पडली. नाशिकची थंडी ज्यांनी द्राक्षबागेत काढलीय त्यांना मी काय म्हणतेय ते ठाऊक आहे. एका आठवड्यात सगळी वेल काळी पडली, पानं गळाली, खोड दोरीसारखं वाळलं. आत्या पत्र्याकडे बघत उभी राहायची. "गेली," एवढंच म्हणाली. चूल पेटवायला म्हणून आईनं वाळलेली वेल ओढून काढली. मग होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि त्याच आळ्यातून, मेलेल्या खोडाच्या बाजूनं, जाडजूड जांभळट कोंब वर आले. आत्या धावत घरात आली आणि आईला मिठी मारून रडली. मरून परत आलेलं काही तिनं आयुष्यात तेवढंच पाहिलं. त्या दिवशी तिनं काहीतरी मनाशी धरलं असणार. गजरे ओवताना ती मला एकटीला म्हणाली, "नंदे, हिला फळ धरलं ना, की मला बोलावणं येणार. ही फळं ओटीत घेऊन मी मनमाडला जाणार. सासूबाईंच्या पुढ्यात ठेवणार. म्हणणार, हे मी लावलं होतं." मी लहान होते. मला त्यात न पटण्यासारखं काहीच वाटलं नाही.

त्या वर्षी वेल फुलली. कृष्णकमळ आमच्याकडे कुणाला नवं नव्हतं, पण हे फूल त्याहून मोठं, फिकट जांभळं, कुरळ्या केसांच्या झालरीसारखं. आईनं बोटानं दाखवलं, "हे कौरव, हे पाच पांडव, आणि वर हे तीन देव." अण्णांची मात्र फुलानं पार निराशा केली. सगळी फुलं पहाटे तोडायची, आणि हे उमलायचं ऊन वर आल्यावर, बाजार उठल्यावर. संध्याकाळी मिटून मोकळं. "ही वेल सरकारी नोकरीत हाय," अण्णा म्हणाले, "अकराला येती नि पाचला जाती." विकायला निरुपयोगी ठरली म्हणून त्या वेलीवर फक्त आत्याचा हक्क राहिला. काळे भुंगे फुलांत शिरायचे आणि पाठीवर पिवळी धूळ घेऊन निघायचे. फुलाच्या मधोमध हिरवा मणी असे. आत्या रोज तो मणी बघायची. एक दिवस तो जरा फुगल्यासारखा वाटे, दुसऱ्या दिवशी पिवळा पडे, आणि तिसऱ्या दिवशी देठासकट खाली.

मग उपाय सुरू झाले. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं तर ते झडतं, म्हणून बोट वाकवून दाखवायचं, हे आमच्याकडे काकडी-दोडक्यापासून सगळ्यांना लागू होतं. या वेलीकडे तर बोट वाकवूनसुद्धा दाखवायची मनाई झाली. तारेवर अण्णांची जुनी वहाण लोंबकळायला लागली. आत्यानं राख टाकली, ताक ओतलं, मासळीचं पाणी घातलं; ज्यानं जे सांगितलं ते. पण फुलं शेकड्यानं, आणि मणी रोज सकाळी मातीत. मळ्यात कामाला येणाऱ्या बायका आधी हळू बोलायच्या, मग त्यांचा आवाज वाढला. "जिनं लावली तिचाच हात लागला," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. आत्याही तिथंच होती, शेवंती खुडत. तिची बोटं थांबली नाहीत. आजही माझ्यासमोर कुणी बाईबद्दल असं काही बोललं तर माझा तोल जातो, आणि माझी सून म्हणते, आई, तुमचा आवाज खाली ऐकू गेला. जाऊ दे.

आता दसऱ्याबद्दल सांगायला हवं. खंडेनवमीला कोयता, खुरपी, पावडं, विळे धुऊन, हळदीकुंकू लावून पाटावर मांडायचे. दसऱ्याला झेंडूचा बाजार आटोपला की पाटावरचा कोयता उचलायचा आणि त्यानं पहिलं काम एकच करायचं. जे झाड फळत नाही त्याला धाक घालायचा. अण्णा कोयत्याची पाठ खोडाला लावून मोठ्यानं म्हणत, "नुसतं पाणी पिती, देत काय नाय. तोडतो आता!" मग ज्यानं ते झाड लावलं असेल त्यानं पुढे होऊन हात धरायचा आणि म्हणायचं, "नको तोडू, पुढल्या साली देईल. मी जामीन." जामीन मिळाला की कोयता खाली, झाडाला हळदीचं पाणी आणि मग सगळ्यांना जेवण. आमचा शेवगा, लिंबू, एक हट्टी चिकू असे सगळे या धाकानं सरळ झाले होते म्हणतात. रीत अशी की जामीन राहणारानं तोंड उघडलं नाही तर कोयता तसाच माघारी न्यायचा नाही. असं कधी कुणी केलंच नव्हतं, म्हणून त्याचा विचारही कुणी करत नसे.

पहिल्या वर्षी आत्यानं अण्णांचा हात असा घट्ट धरला की त्यांच्या मनगटाला तिची नखं लागली. "नको तोडू रे दादा. लेकरू हाय अजून. पुढल्या साली देईल. मी जामीन, मी जामीन." एकदा म्हणायचं ती दोनदा म्हणाली. आई हसली, अण्णाही हसले, आणि हळदीचं पाणी घालून आम्ही श्रीखंड-पुरी जेवलो. त्या रात्री जेवताना, हे फळ कसं लागत असेल यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणत होते सीताफळासारखं. माझा धाकटा भाऊ विलास म्हणाला, जिलबीसारखं. अण्णा म्हणाले, द्राक्षाहून चांगलं काही नसतं, उगाच डोकं लावू नका. आत्याला विचारलं तर म्हणाली, "धरेल तेव्हा कळेल."

पुढलं सगळं वर्ष मागच्यासारखंच गेलं. थंडीत मेली, उन्हाळ्यात आली, फुलली, गळली. मनमाडहून काही कळत नव्हतं. अण्णा दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांना चहा मिळाला, दुसऱ्यांदा नुसतं पाणी.

त्या दसऱ्याला बाजार चांगला झाला होता. अण्णा लवकर परतले, अंगावर झेंडूच्या पाकळ्या, खुशीत. ओसरीवर आई पानं मांडत होती आणि आत्या आत पुऱ्या लाटत होती. तेवढ्यात आत्याच्या सासरचा एक चुलत दीर दारात आला. हा बाजारात झेंडू न्यायला दर दसऱ्याला नाशकात यायचा, माणूस भला. आईनं पाट मांडला, तांब्या दिला. त्यानं पाणी घेतलं, पण पाटावर बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "जेवायला नाय थांबत, वहिनी. गाडी हाय." मनमाडच्या माणसानं दसऱ्याला पानावर बसायला नकार दिला म्हणजे काय, हे चुलीपाशी कळलं असणार, कारण लाटण्याचा आवाज बंद झाला. मग तो आत्याला ऐकू जाईल अशा बेतानं अण्णांना म्हणाला, "दादा, मला सांगायला लाज वाटती. पण उद्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. तिकडं घरात नवी आणली. नवरात्राच्या आधीच. हिच्याकडून काय चूक झाली असं कुणी म्हणत नाय." आणि तो हात जोडून निघून गेला.

आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "रेल्वेत कळवा साहेबाला. सरकारी माणसाला दोन बायका चालत नाहीत. नोकरी जाईल, मग येतील नाक घासत."

आत्या आतून बाहेर आली. हाताला पीठ होतं. "नोकरी घालवून काय करू वहिनी? बिननोकरीचा तो माझ्या काय उपयोगाचा?"

अण्णांनी काय करावं? त्यांना वाटलं असेल की आत्ताच्या आत्ता जे रोजचं आहे ते चालू ठेवावं, म्हणजे घर उभं राहील. पुरुष असंच करतात. त्यांनी पाटावरचा कोयता उचलला आणि म्हणाले, "चला, झाडाचं आटपून घेऊ. पोरं भुकेजलीत." आम्ही सगळे मागोमाग गेलो. ऊन कलायला आलं होतं आणि वेलीवर त्या दिवशी इतकी फुलं होती की पत्रा दिसत नव्हता. अण्णांनी कोयत्याची पाठ खोडाला लावली. "नुसतं पाणी पिती, देत काय नाय. तोडतो आता!"

आत्या पुढे झाली नाही. पिठाचे हात पोटाशी धरून उभी होती.

"यमे, बोल की."

ती बोटांचं पीठ खरवडत राहिली.

"अगं, तुझी वेल हाय. बोल."

"तोड."

"असं म्हणायचं नसतं, बाई."

"मग काय म्हणू? पुढल्या साली देईल म्हणू? मी आता कुणाला जामीन राहू, दादा? तोड ती."

आई म्हणाली, "मी म्हणते, नको तोडू." पण लावली आत्यानं होती, आईचा जामीन चालत नव्हता. अण्णांनी मागे वळून आत्याकडे पाहिलं. रोपं उपटताना कधी मागे न बघणारा माणूस. त्यांनी कोयता फिरवून धार पुढे आणली आणि एकच घाव घातला. खोड केवढं, अंगठ्याएवढं. वर पत्र्यावरच्या फुलांना काही कळलंच नाही. ती तशीच उघडी राहिली आणि नेहमीप्रमाणे संध्याकाळी मिटली. त्या फुलांकडे मला बघवेना.

आत्या घरात गेली नाही. टोपली घेऊन आली आणि तोडलेल्या वेलीचे कोवळे शेंडे खुडायला लागली. ताण्यांसकट, मऊ मऊ तेवढेच. "त्या बाईनं सांगितलं होतं, पत्ता भी खाते," एवढंच म्हणाली. मग तिनं ते शेंडे उकळून, पाणी टाकून, पिळून, लसूण-मिरचीवर परतले आणि वर दाण्याचं कूट घातलं. दसऱ्याच्या पानावर, श्रीखंडाच्या शेजारी, ती काळपट हिरवी भाजी वाढली. सगळ्यांना वाढली आणि स्वतःही घेतली. चव सांगायची तर शेवग्याच्या पाल्याच्या जवळपासची, जरा कडसर, आणि मागून एक आंबूस हिरवा वास. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. अण्णांनी पान साफ केलं. विलास तेवढा लहान होता, त्याला काही कळलं नव्हतं. "आत्या, अजून वाढ," तो म्हणाला, आणि आत्यानं त्याला अजून वाढली.

ती वेल मेली असं समजू नका. मेली असती तर बरं झालं असतं. मूळ कुठं कुठं पसरलं होतं देव जाणे. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीपाशी, वाफ्यात, शेवंतीच्या सरीत, पार बांधापलीकडे तिचे कोंब वर आले. अण्णा दिसेल तिथं उपटत, आणि उपटलं की आणखी दोन ठिकाणी येई. त्यांनी तिला फुलण्याएवढी कधी वाढूच दिली नाही. उपटलेले कोंब ते पूर्वीसारखे फेकत नसत, बांधावर नीट जुडी करून ठेवत. आत्या ती जुडी उचलून घरात नेई. वर्षानुवर्षं आमच्या घरात उन्हाळ्यात ही भाजी झाली. तिला नाव नव्हतं. आई म्हणायची 'ती भाजी', आणि आम्हीही. त्या दसऱ्यानंतर कधीतरी आत्याची लुगडी ट्रंकेतून बाहेर आली आणि दांडीवर पडायला लागली, तेही कुणी बोलून दाखवलं नाही. लोणच्याच्या बरण्या मात्र फडताळातच राहिल्या.

इथं कुणाला वाटेल की मनमाडच्या दुसरीलाही मूल झालं नसेल आणि न्याय झाला असेल. तसं काही झालं नाही. तिला दोन मुलगे झाले, चांगले निघाले, एक रेल्वेतच लागला. आत्याला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही, त्यामुळे तिचं काय होतं ते आता कधीच कळणार नाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातून भलता अर्थ काढून समाधान करून घेणारी माणसं फार असतात.

अण्णा गेले, आई गेली, मळा विकला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे आणि विलासच्या घरी सातव्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या एका नर्सरीत मी गुलाब घ्यायला गेले होते. तिथे ते फूल दिसलं. तेच. पाय थांबले. थंडीत जमिनीपर्यंत मरून परत फुटणारी फळाची जात आहे, असं तिथली मुलगी म्हणाली. मी म्हटलं, एक द्या. तर म्हणते, "काकू, दोन घ्या. एकटी असली तर हिला फळ नाही धरत. आणि एकाच वेलीच्या काड्या चालत नाहीत हं, वेगवेगळ्या बियांच्या हव्यात. मग भुंगे बघून घेतात." मला आधी वाटलं, माल खपवतेय. मग मला ते दोन कोंब आठवले, आणि दुसरा, टरफलाची टोपी घातलेला. मी तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. मुलीनं पाणी आणून दिलं, तिला वाटलं ऊन लागलं.

दोन वेली लावल्या. दुसऱ्या वर्षी फळं धरली, कोंबडीच्या अंड्याएवढी, हिरवी, पिकली की आपोआप खाली पडणारी. पहिली फळं मी डब्यात घालून आत्याकडे नेली. ती खिडकीशी बसली होती. एक फळ तिच्या हातात दिलं. तिनं ते कानाशी नेऊन हलवलं.

"हे काय गं?"

"तुझी वेल, आत्या. फळ."

तिला आठवायला खूप वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. एकटीला धरत नाही, दुसरी लागते. हे तिला सांगावं की नाही यावर मी कितीतरी दिवस घालवले होते. ती फळ हातात फिरवत राहिली.

"दोन उगवल्या होत्या," ती म्हणाली.

"हो."

"दादानं एक काढली. त्याला तरी कुठं ठाऊक." मग म्हणाली, "म्हणजे मी त्या दिवशी 'नको तोडू' म्हटलं असतं..."

"तरी धरलं नसतं, आत्या. कधीच नसतं धरलं."

"कधीच नाय?"

"नाही."

तिनं फळ मांडीवर ठेवलं. "मला वाटायचं, मीच मधे आले. इतकी वर्षं वाटायचं. त्या दिवशी जामीन राहिले असते तर पुढल्या साली दिलं असतं तिनं. चांगलं झालं सांगितलंस." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, हे मला सहन झालं नाही. माणसाला एवढीच सुटका मिळावी, की कशाचीच आशा कधी नव्हती?

मी फळ कापलं. आतून निम्मं पोकळच असतं ते, कडेला काळ्या बिया आणि रस. चमच्यानं तिच्या तोंडाला लावलं. तिनं जिभेवर घोळवलं, डोळे बारीक केले, बिया तळहातावर काढल्या.

"आंबट हाय गं."

"जरा गोडही आहे मागून."

"असेल." दुसरा चमचा तिनं हातानं बाजूला केला. "तुम्ही खा. मला नको. पुढल्या वेळी येशील तेव्हा कोवळे शेंडे आण. भाजी करायला सांगते सूनबाईला. त्या भाजीची लय आठवण येती."

तेव्हापासून, थंडीचे दिवस सोडले तर, मी दर आठवड्याला शेंडे नेते. विलासची बायको ती भाजी कुकरला लावते, लसूण कमी घालते, तरी आत्या वाटीभर खाते. फूल येतं ते नव्या शेंड्यावरच. शेंडा खुडला की फूल नाही. या साली आमच्या दोन्ही वेलींना एकही फळ नाही.